साथ, निर्बंध आणि रुग्णाजवळचे माणूस

(सावित्रीबाई फुले स्मृतिदिनानिमित्त 10 मार्च रोजी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन या दवाखान्यात आणले आणि त्यातच त्यांना लागण झाली, असे त्यांच्या चरित्रांतून नोंदले गेले आहे. शाळा काढणाऱ्या सावित्रीबाईंबद्दल या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले असेल. मला आज त्यांच्या शेवटच्या कामाबद्दल बोलायचे आहे. त्या डॉक्टर नव्हत्या. परिचारिकेचे शिक्षणही त्यांनी घेतलेले नव्हते. आपल्याकडे रुग्णाच्या घरचे माणूस जे करते ते त्यांनी केले. आजाऱ्याला उचलून आणले, दवाखान्यापर्यंत पोचवले, त्याच्याजवळ थांबल्या. ज्यांच्याजवळ थांबायला कोणी उरले नव्हते, त्यांच्या घरचे माणूस त्या झाल्या.

साथीतले निर्बंध, रुग्णालयांवरचा ताण आणि त्यावर सामान्य माणसे कशी वागली, असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडते. 1897 मध्येही आणि 2020-21 मध्येही आपल्या लोकांनी पुष्कळ सोसले. कामधंदा बुडाला, सण गेले, प्रवास थांबले, तेही सोसले. सोसवले नाही ते एकच, आपल्या आजारी माणसाला दारात सोडून परत फिरणे. आणि आपली रुग्णालये चालतात ती या घरच्या माणसाच्या जिवावर. त्याला बाहेर काढले की रुग्णालयाचेही अर्धे हातपाय जातात. हे आपण दोन साथींमध्ये दोनदा अनुभवले आणि अजून कुठल्याही नियमात लिहिलेले नाही.

थोडे मागे जाऊ. 23 सप्टेंबर 1896 रोजी मांडवीतल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईत प्लेग आल्याचे सांगितले. ऑक्टोबर उजाडता पालिकेने हुकूम काढला की प्लेगचा रुग्ण आढळला तर त्याला सक्तीने रुग्णालयात हलवावे. आर्थर रोडवरचे साथरोगांचे रुग्णालय हे त्यातले मुख्य ठिकाण. त्याच महिन्यात गिरणी कामगारांचा मोठा जमाव या रुग्णालयावर चालून गेला. सरकारी कागदांत या घटनेची नोंद अडाणी लोकांचा दंगा अशी आहे. माझे तसे मत नाही. त्या काळी प्लेगवर औषध नव्हते. लोक रुग्णाला शेवटपर्यंत लपवत, त्यामुळे रुग्णालयात पोचणारा माणूस बहुधा शेवटच्या घटका मोजत असे आणि तिथे गेल्यावर दगावत असे. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, हे चाळीत राहणाऱ्याने स्वतः पाहिलेले होते. आत काय होते ते मात्र त्याला पाहू देत नव्हते. मग माणसांचे तेल काढतात, राणीच्या पुतळ्याला डांबर फासले त्याचा सूड घेतात, अशा गोष्टी चाळीचाळींतून फिरल्या. माणूस जिवंत आत जातो, मेलेला बाहेर येतो आणि मधल्या वेळाचा साक्षीदार कोणी नाही, अशा ठिकाणी अफवेला वेगळे खतपाणी घालावे लागत नाही. महिनाअखेर पालिकेला तो हुकूम सैल करावा लागला. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली. कोणी गलबतांनी कोकणात गेले, कोणी रेल्वेने देशावर.

आर्थर रोडचे ते रुग्णालय म्हणजेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. मार्च 2020 मध्ये मुंबईतले पहिले कोविड रुग्ण तिथेच दाखल झाले.

4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. साथ रोखण्यासाठी सरकारला वाटेल ते तात्पुरते नियम करण्याची मुभा, ते मोडणाऱ्याला शिक्षा आणि अंमल करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण, एवढा त्याचा ऐवज. पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून साताऱ्याहून वॉल्टर चार्ल्स रँड आले. सावित्रीबाई गेल्या त्यानंतर तिसऱ्या दिवशी, 13 मार्चला, गोऱ्या सोजिरांच्या तुकड्यांनी पुण्यातली घरे तपासायला सुरुवात केली. रुग्ण सापडला की त्याला रुग्णालयात, घरातल्या बाकीच्यांना विलगीकरण छावणीत, सामान जाळायला बाहेर. देवघरात बूट, स्वयंपाकघरात बूट, बायकांच्या काखा-जांघा तपासणे, या साऱ्याबद्दल आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत बायकांची काय अवस्था होते त्याबद्दल वृत्तपत्रात पत्र लिहिले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इंग्लंडमध्ये हे सांगितले आणि पुरावे देता न आल्याने त्यांना परत आल्यावर माफी मागावी लागली. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिथे मी थांबत नाही.

मला थांबायचे आहे ते कमी आठवल्या जाणाऱ्या एका गोष्टीपाशी. लोकमान्य टिळक त्या वेळी पुणे सोडून गेले नाहीत. शहर सोडून निघून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली. रोग हटवण्यासाठी उपाय हवेत हे त्यांना मान्य होते. सोजिरांच्या अत्याचाराला त्यांचा विरोध होता आणि त्याच वेळी त्यांनी काही सहकाऱ्यांसह हिंदू प्लेग रुग्णालय उभे केले, छावणीत फुकट स्वयंपाकघर चालवले. म्हणजे ज्याला तुरुंग म्हणून लोक घाबरत होते त्या छावणीत घरचे अन्न नेऊन पोचवले. मुंबईतही हेच झाले. 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्यात एका विणकराच्या आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली आणि त्यानंतर सरकार हळूहळू सक्ती सोडू लागले. निरनिराळ्या समाजांची प्लेग रुग्णालये निघाली. तिथे ओळखीचा वैद्य असे, आपल्या हातचे पाणी असे, आणि घरचे माणूस रुग्णाजवळ राहू शके. ही रुग्णालये जातींनुसार विभागलेली होती, हे आज आपल्याला टोचले पाहिजे. सावित्रीबाईंनी ज्या मुलाला पाठीवर घेतले त्याला त्यातल्या कितींनी दारात उभे केले असते, हा प्रश्न आहेच. पण लोक तिथे स्वतःहून गेले. औषध तेव्हाही नव्हते. बदलले होते ते एवढेच की रुग्ण आता डोळ्यांसमोर राहत होता.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या साथीकडे येते. 9 मार्च 2020 ला, ऐन होळीच्या दिवशी, पुण्यात राज्यातले पहिले दोन रुग्ण सापडले. चारच दिवसांत सरकारने तोच 1897 चा कायदा लागू केला. 22 मार्चला जनता संचारबंदी, संध्याकाळी पाच वाजता गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या, मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. 24 तारखेला रात्री आठ वाजता घोषणा आणि बारा वाजता देश बंद. चार तासांत ज्याचे घर जिथे होते तिथे तो अडकला. ज्याचे घर हजार किलोमीटरवर होते तो चालू लागला. 8 मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळला चालत निघाले होते. त्यांच्याविषयी वेगळे व्याख्यान व्हायला हवे आणि ते माझ्यापेक्षा ज्यांनी त्यांच्याबरोबर चालून पाहिले त्यांनी द्यावे.

घरात राहिलेल्यांबद्दल मात्र मला एक सांगितलेच पाहिजे. महाराष्ट्रातली जनता शिस्त पाळत नाही, अशी तक्रार त्या काळात रोज ऐकू यायची. दारूच्या दुकानांसमोरच्या मे महिन्यातल्या रांगा दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवल्या गेल्या. त्याच वर्षीची आषाढी वारी आठवा. शेकडो वर्षे पायी जाणाऱ्या पालख्या त्या वर्षी पायी निघाल्या नाहीत. पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकरी घरी बसले. ज्याने आयुष्यात एक वारी चुकवली नव्हती त्याने अंगणातल्या तुळशीपुढे टाळ वाजवला. लालबागच्या मंडळाने 1934 पासून बसवलेली मूर्ती त्या वर्षी बसवली नाही आणि मंडपात रक्तदान केले. सार्वजनिक गणपती चार फुटांवर आले. यासाठी कुठेही गोळीबार करावा लागला नाही, कुठे लष्कर बोलवावे लागले नाही. कारण समजले, ते पटले, आणि नियम थोरामोठ्यांना आणि आपल्याला सारखाच लागू आहे असे दिसले, की लोक पाळतात.

जिथे यातले काही दिसले नाही तिथे लोक बिथरले. परदेशाहून आलेल्यांच्या हातावर विलगीकरणाचा शिक्का मारला जाई. तो लपवायला लोक पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागले. रुग्ण सापडलेल्या इमारतीला पत्रे ठोकले जात. एका वाड्याच्या दाराला पत्रा लागला की सगळ्या आळीत त्या कुटुंबाचे नाव होई, दूधवाला त्यांच्याकडे यायचा थांबे, बरे होऊन आलेल्याच्या घरी मोलकरीण येत नसे. परिणाम काय झाला? खोकला आला तर लोकांनी मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि चाचणी टाळली. गावांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, बैलगाड्या आडव्या लावल्या. कोकणात चाकरमान्याला स्वतःच्याच गावाच्या वेशीवर अडवले गेले. ज्याच्या मनीऑर्डरवर घर उभे राहिले त्याला शाळेच्या वर्गात चौदा दिवस झोपायचे होते. गणपतीला येणाऱ्यांसाठी सरकारने तो काळ दहा दिवसांवर आणला, तरी त्यावरून गावागावांत वाद झाले. तरीसुद्धा त्या शाळांमध्ये गावातल्या बायकांनी भाकरी पोचवल्या, व्हरांड्यात ठेवून लांब उभ्या राहून विचारपूस केली. दोन्ही गोष्टी एकाच गावात घडल्या. बाभळीची फांदी टाकणारे हात आणि भाकरी ठेवणारे हात बरेचदा एकाच घरातले होते. भीती आणि माया अशी एकत्र राहू शकते, हे साथीत जितके स्पष्ट दिसते तितके एरवी दिसत नाही.

आणि आता रुग्णालयाचे दार.

आपल्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात एरवी कधीही जा. चाळीस खाटांच्या वॉर्डात दोन-तीन सिस्टर, एखादा वॉर्डबॉय, एखादी मावशी. मग चाळीस माणसांना भरवतो कोण? बेडपॅन कोण देतो? सलाईन संपत आले की धावत जाऊन सिस्टरला कोण सांगतो? रक्ताची बाटली पेढीतून कोण आणतो, स्ट्रेचरचे दुसरे टोक कोण धरतो, रात्री दोन वाजता आजोबा भ्रमात उठून चालू लागले तर त्यांना कोण आडवे करतो? खाटेखाली चटई टाकून झोपलेले माणूस. मुलगा, सून, बहीण, कधी शेजारी. आपल्याकडे भरती करताना पहिला प्रश्न असतो, पेशंटजवळ कोण थांबणार? रुग्णालयाच्या पगारपत्रकात या माणसाचे नाव नाही, खाटा मोजताना कोणी त्याला मोजत नाही. पण तो आहे असे गृहीत धरून सगळी व्यवस्था बेतलेली आहे. खासगी रुग्णालयातही थोड्याफार फरकाने हेच.

कोविड वॉर्डातून हे माणूस एका दिवसात काढले गेले. काढण्याला वैद्यकीय कारण होते, ते मी नाकारत नाही. 2020 च्या वसंतात संरक्षक पोशाख डॉक्टरांनाच पुरत नव्हते. पण त्याच्या जागी दुसरे कोणी आले नाही. उलट आतल्या कर्मचाऱ्यांचे काम अनेक पटींनी वाढले. त्या पोशाखात शिरल्यावर सहा-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही, चष्म्यावर वाफ धरते, आवाज ऐकू जात नाही. सिस्टरनी पाठीवर मार्करने स्वतःचे नाव लिहिले म्हणून रुग्णाला कळे की समोर कोण आहे. अशा स्थितीत एकेका बाईने वीस-वीस जणांना चमच्याने पेज भरवावी, अशी आपली अपेक्षा होती. त्यांनी किती निभावले हे त्यांनाच ठाऊक, आणि मी त्यांच्यापुढे नमस्कार करते. पण जे मुळात एका माणसाच्या आवाक्यात नाही ते कितीही जीव ओतला तरी होत नाही. जून 2020 मध्ये जळगावच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात भरती झालेली एक वृद्ध स्त्री बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात तिचा मृतदेह मिळाला. चौकशी झाली, अधिकारी निलंबित झाले. तिच्याजवळ घरचे एक माणूस असते तर आठ दिवस कशाला, आठ मिनिटांत कोणीतरी शोधायला उठले असते.

त्या दोन वर्षांत मी काही स्वयंसेवकांबरोबर एका मदत क्रमांकावर फोन घेत असे. आम्ही तयारी केली होती ती खाटा कुठे रिकाम्या आहेत हे सांगण्याची. पहिल्या लाटेत मुंबईत आधी असे होते की प्रयोगशाळेने अहवाल थेट रुग्णाला कळवावा आणि त्याने भीतीच्या भरात दहा रुग्णालयांना फोन लावावेत. पुढे पालिकेने चोवीस विभागांत चोवीस वॉर रूम काढल्या, अहवाल आधी तिथे जाऊ लागले, आणि खाट कोणाला द्यायची ते तिथले डॉक्टर ठरवू लागले. ही सुधारणा मोठी होती. राज्याने खासगी रुग्णालयांच्या ऐंशी टक्के खाटा ताब्यात घेतल्या, साध्या वॉर्डाला दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागाला 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 असे दर बांधून दिले, हेही मोठे पाऊल होते. या साऱ्याची माहिती आमच्यासमोर कागदावर असे. पण खाट मिळाल्यानंतर पुन्हा जे फोन येत ते निराळे असत. वडील जेवले का, कळेल का? त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही हे कोणी आत सांगेल का? दातांची कवळी घरी राहिली आहे, ती पोचेल का? फोनचा चार्जर दिला होता, मिळाला का, कारण तीन दिवस फोन बंद येतो. या प्रश्नांना आमच्या कागदावर उत्तर नव्हते. रुग्णालयांच्या आवाराबाहेर लिंबाच्या झाडाखाली, फुटपाथवर, रिक्षात माणसे बसून असत. आत सोडत नाहीत हे माहीत असूनही घरी जात नसत. डब्यावर चिकटपट्टी लावून नाव आणि खाटेचा नंबर लिहायचा, सुरक्षारक्षकाकडे द्यायचा, आणि संध्याकाळी तो रिकामा परत आला की माणूस जिवंत आहे असे समजायचे. एका घरातले तर डबा न उघडता परत आल्यावर काय ते समजले होते, रुग्णालयाचा फोन त्यानंतर आला.

अफवा पुन्हा त्याच जागी उगवल्या, जिथे सव्वाशे वर्षांपूर्वी उगवल्या होत्या. पॉझिटिव्ह दाखवले की दवाखान्याला दीड लाख मिळतात. किडनी काढतात, म्हणून प्रेत प्लास्टिकमध्ये गुंडाळून देतात. मेळघाटात, खानदेशात, शहरातल्या सुशिक्षित सोसायट्यांतही हे ऐकू येई. याला उत्तर म्हणून सरकारने जनजागृतीच्या ध्वनिफिती लावल्या. मला वाटते, दर संध्याकाळी ठरल्या वेळी आतून पाच मिनिटांचा एक फोन आला असता तर त्याने अधिक काम केले असते. धारावीचे उदाहरण घ्या. 1 एप्रिल 2020 ला तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांनी हाय खाल्ली होती. अडीच चौरस किलोमीटरच्या आत लाखो लोक, बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. तिथे अंतर राखा म्हणणे निरर्थकच होते. पालिकेने शौचालये दिवसातून अनेकदा धुतली, रोज भेटणाऱ्या खासगी डॉक्टरांनाच पोशाख घालून घरोघर पाठवले, आणि विलगीकरण वस्तीतल्याच शाळांमध्ये, ओळखीच्या वास्तूंमध्ये केले. खिडकीतून घर दिसत होते. आपला डॉक्टर सांगतो आहे म्हणून माणसे गेली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेतले, त्यामागे ही साधी गोष्ट होती.

दुसरी लाट आली तेव्हा चित्र उलटे झाले. लपवणारे लोक आता खाटेसाठी धावू लागले. 18 एप्रिल 2021 या एका दिवशी राज्यात 68,631 नवे रुग्ण नोंदले गेले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एका खाटेवर दोन-दोन रुग्ण झोपले. रेमडेसिव्हिरसाठी औषधदुकानांसमोर माणसे रात्रभर उभी राहिली. या औषधाने मृत्यू टळत असल्याचा पुरावा नाही, असे सांगून जागतिक आरोग्य संघटनेने ते नोव्हेंबरमध्येच न वापरण्याचा सल्ला दिला होता. मग लोक उभे का राहिले? कारण आत काही करता येत नव्हते. बाहेर काहीतरी आणून देणे एवढेच घरच्या माणसाच्या हातात उरले होते. त्या रांगेला मूर्खपणा म्हणणाऱ्यांचे मला वाईट वाटते. ती बापासाठी, बायकोसाठी उभी असलेली रांग होती आणि चिठ्ठी लिहून देणारा हात डॉक्टरचा होता.

प्राणवायूचे गणित लोकांना त्या महिन्यात नव्याने कळले. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर वायू असतो. मास्कमधून मिनिटाला दहा लिटर दिला तर तो अकरा-साडेअकरा तास पुरतो. नाकातून जोराने वायू देणाऱ्या यंत्रावर मिनिटाला साठ लिटर लागले तर तोच सिलिंडर दोन तासही टिकत नाही. गंभीर रुग्ण वाढले की मागणी रुग्णसंख्येच्या कितीतरी पुढे धावते ती अशी. 19 एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले गेले आणि भरून नागपूर-नाशिकला आले. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात डॉ. राजेंद्र भारुड या जिल्हाधिकाऱ्यांनी पहिली लाट ओसरल्यावरही न थांबता हवेतून प्राणवायू बनवणारे प्रकल्प उभे केले होते, म्हणून तिथे धावपळ कमी झाली. 21 एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, नळीतला दाब गेला आणि 22 रुग्ण दगावले. त्या अर्ध्या-पाऊण तासात नातेवाईक वॉर्डात घुसले, सिलिंडर ओढत नेऊ लागले, छाती दाबू लागले. त्यांना कोणी अडवले नाही, कारण अडवायला माणूसच नव्हते.

हे फक्त नाशिकमध्ये झाले नाही. त्या एप्रिलमध्ये अनेक जिल्हा रुग्णालयांत नातेवाइकांवरची बंदी न सांगता उठली. मनुष्यबळ संपले तेव्हा दारे उघडली, आणि मुलगे-सुना साध्या कापडी मास्कवर कोविड वॉर्डात रुग्णाला पालथे करू लागल्या, ऑक्सिमीटर लावू लागल्या. ज्या माणसाला आपण धोका म्हणून काढले, तोच शेवटी कामाला आला. पण पोशाखाशिवाय, शिकवल्याशिवाय, नोंदीशिवाय आला. त्यातले किती आजार घेऊन घरी गेले, याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही. माझा राग आहे तो इथे. वर्षभर वेळ होता. केरळ सरकारने ऑक्टोबर 2020 मध्येच, मदतीची गरज असलेल्या कोविड रुग्णाजवळ घरचे एक माणूस ठेवायला परवानगी दिली होती. आपल्यालाही ते ठरवून, सुरक्षितपणे करता आले असते.

मृत्यूनंतरचेही तसेच. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले होते की आवरणाची चेहऱ्याकडची बाजू उघडून कर्मचाऱ्याने नातेवाइकांना शेवटचे दर्शन घडवावे आणि स्पर्श न करता करायचे विधी करू द्यावेत. तरी कितीतरी घरांना चेहरा दिसला नाही. भीतीने, घाईने, कधी सूचना वाचलेलीच नसल्याने. चेहरा न पाहिलेली माणसे आजही मला भेटतात आणि आत आपलेच माणूस होते ना, असे विचारतात. वर्षे गेली तरी हा प्रश्न त्यांच्या मनातून गेलेला नाही.

2020 मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा आली. ती योग्यच आहे. पण रुग्णाला काय मिळावे आणि त्याच्या घरच्याला काय कळावे, याबद्दल त्यात काही आले नाही. पुढची साथ येईल तेव्हा सरकार पुन्हा हाच कायदा काढील. त्याआधी तीन गोष्टी लिखित व्हाव्यात असा माझा आग्रह आहे. स्वतः जेवू, उठू, बोलू न शकणाऱ्या प्रत्येक रुग्णाजवळ घरचे एक माणूस, भरतीच्या कागदावर नाव लिहून, पोशाख कसा घालायचा-काढायचा हे शिकवून आणि रुग्णालयाच्या खर्चाने पोशाख देऊन. इतर सर्व रुग्णांच्या घरी रोज ठरलेल्या वेळी फोन, त्यासाठी वेगळे नेमलेले कर्मचारी. आणि मृत्यू झाला तर चेहरा दाखवणे हा घरच्यांचा हक्क, कर्मचाऱ्याची मर्जी नाही.

खर्चाचा प्रश्न विचारला जाईल. कोविडसाठीची तात्पुरती जंबो रुग्णालये काही आठवड्यांत उभी राहिली, तेव्हा पैसा मिळाला होता. राज्यातल्या सुमारे 70 हजार आशा सेविका घरोघर फिरल्या, तुटपुंज्या मोबदल्यासाठी जून 2021 मध्ये त्यांना संप करावा लागला, तरी काम त्यांनीच केले. माणसे आहेत. घरचे माणूस तर कोणी न बोलावता रुग्णालयाच्या दाराशी येऊन उभे असते, त्याला आत कसे घ्यायचे एवढेच ठरवायचे आहे.

प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्या बैठका होतात. या सभागृहात अशा समित्यांवरचे काही सदस्य बसलेले आहेत, हे मला संयोजकांनी सांगितले. साथ नसताना, हातात वेळ असताना, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे तीन मुद्दे घ्या. आपल्या रुग्णालयात दर पाळीला किती सिस्टर, किती वॉर्डबॉय, किती मावश्या असतात आणि त्यांच्या जोडीला खाटेखाली किती घरची माणसे झोपतात, हे एका रात्री वॉर्डात उभे राहून मोजा आणि तो आकडा इतिवृत्तात लिहा. मसुदा लिहायला मदत लागली तर मला बोलवा, मी येईन.